तितलीनं ‘भैया’ म्हणणं सोडलं

‘खाना खाया?’ संगणकाच्या पडद्यावर उमटलं आणि पद्मिनीबाईंनी चष्मा काढून ठेवला.

प्रश्न साधा होता, पण हल्ली तितली तो रोज विचारायची. थंडी पडली की स्वेटर घातलास का. कानपूर रोडवरून बाइक हळू चालवतोस ना. आणि या सगळ्यात ‘भैया’ म्हणणं तिनं कधीच सोडून दिलं होतं.

“इतकी वर्षं लखनऊत काढलीस,” उल्हासराव म्हणाले. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना बायकोच्या खांद्यावरून वाचायची सवय लागली होती. “इथली मुलगी भैया म्हणायची थांबली, याचा अर्थ मी सांगायला हवा का? पोर जीव लावून बसली आहे. करायला गेलीस एक आणि झालं भलतंच.”

करायला गेल्या होत्या ते एवढंच. त्यांच्या चर्चनं तरुण मुलांसाठी इंटरनेटवर चॅटची सोय केली होती. कुणीही यावं, मन मोकळं करावं. नाव सांगायचं नाही, विचारायचं नाही, भेटायचं तर मुळीच नाही. पलीकडे चर्चमधलं कुणी ऐकायला बसलेलं असे. पद्मिनीबाईंचा एकुलता एक आशिष तिथं बसायचा. तितली हे नाव घेऊन येणारी मुलगी त्याच्याशीच बोलायची. कॉलेजात दोनदा नापास झालेली, घरात कुणाशी न बोलणारी. ‘भैया, आज फिर जीने का मन नहीं,’ असं लिहिणारी. आशिष तिला उपदेश करत नसे. तिच्याशी बोलत राही, आणि संगणक बंद केला की तिच्यासाठी प्रार्थना करी.

मग गेल्या साली आशिषला डेंग्यू झाला आणि आठवड्याच्या आत तो गेला.

दफनानंतर पद्मिनीबाईंना त्याच्या खोलीकडे बघवत नव्हतं. शेवटी संगणक उघडला, तर तितलीचे निरोप ओळीनं पडलेले. ‘भैया, हो?’ ‘भैया, नाराज हो?’ शेवटचा होता, ‘एक बार बोल दो, बस.’

ज्याच्या आधारानं ही पोर उभी आहे तोच गेला, असं तिला कळवायचं? त्यांनी प्रभूची क्षमा मागितली आणि आशिष होऊन लिहिलं, ‘बीमार था. अब ठीक हूँ. तुम कैसी हो?’

दोन दिवस काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं, ‘ठीक हूँ. तुम अपना ख़याल रखो.’

त्या दिवशी पद्मिनीबाई आशिष गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवल्या. एक लेकरू तरी वाचलं होतं.

पुढं तितली सावरत गेली. मरणाची भाषा तिनं पुन्हा काढली नाही. प्रश्न मात्र वेगळेच विचारायची. मुलं घरच्यांना का सांगत नाहीत? आईबापांनी काय केलं असतं म्हणजे सांगितलं असतं? पद्मिनीबाई विचार करून लिहीत. बापानं मार्क विचारू नयेत, नुसतं शेजारी बसावं. त्यावर ‘अच्छा’ एवढंच येई.

आता चर्च ती सोय बंद करणार होतं. मुलं सगळी फोनवर गेली होती. ते कळल्यावर तितलीनं लिहिलं, ‘एक बार मिलना है. कुछ बताना है.’

“जाऊ नकोस,” उल्हासराव म्हणाले. “आपल्या गेलेल्या पोरावर जीव लावलेल्या मुलीला काय सांगणार तू?”

“खरं सांगणार. हे असं पडद्यावर सांगून कसं चालेल? निदान मी तिला धरायला समोर असेन.”

ठरलं. रविवारची उपासना संपल्यावर, लष्करी छावणीतल्या चर्चच्या आवारात, चिंचेखालच्या बाकावर. पिवळी ओढणी घेऊन येईन, तितलीनं कळवलं होतं.

पद्मिनीबाई बाकावर बसून फाटकाकडे बघत राहिल्या. माणसं पांगली. निळ्या, गुलाबी, हिरव्या ओढण्या गेल्या. पिवळी काही येईना. बाकाच्या दुसऱ्या टोकाला साठीचे एक गृहस्थ येऊन बसले, मांडीवर कापडी पिशवी. समोरून जाणारा प्रत्येक तरुण मुलगा ते निरखून बघत होते. त्यांचा फोन वाजला.

“हो गं, पोचलो. नाही, अजून दिसला नाही.”

“मराठी का तुम्ही?” पद्मिनीबाईंना राहवलं नाही.

“हो. चंद्रकांत देवधर. इथल्याच एका संस्थेत संशोधनात होतो.” त्यांनी फोन खिशात ठेवला. “तुम्ही या चर्चच्या ना? मग ओळखत असाल. इथला एक मुलगा इंटरनेटवर लोकांशी बोलायचा. आजारी पडला होता मध्यंतरी.”

पद्मिनीबाईंनी मान हलवली.

“फार गुणी पोरगा. वर्षभर त्यानं मला जगवलंय, बाई. आणि मी त्याच्याशी खोटं बोलत राहिलो. खरं कळलं असतं तर त्यानं स्वतःला दोष दिला असता. आजारी होता बिचारा, त्याचा काय दोष? पण आज सांगून टाकणार आहे.”

त्यांनी पिशवीतून धुऊन घडी घातलेली पिवळी ओढणी काढली आणि मांडीवर ठेवली.

“माझ्या वेदिकाची,” ते म्हणाले. “बरा झालो म्हणून त्यानं लिहिलं, त्या दिवशी आमच्याकडे तिचा तेरावा होता.”