पुण्याच्या खेपा

एमआयडीसीच्या फाट्यावर सहादेवनं घराकडं वळायचा इंडिकेटर दिला, तशी मागच्या सीटवरून त्याची बायको मनकर्णा म्हणाली, आधी छगनकडं घ्या. सर्व्हिसिंग कधीचं राहिलंय.

उद्या करू, तो म्हणाला. ती म्हणाली, उद्या उद्या करत दिवाळी गेली. महिन्यानं परत पुण्याला जायचंय, तेल पार काळं झालं असंल.

महिन्यानं जायचं नव्हतंच. सकाळी पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावलं होतं. आता आणू नका म्हणाले. घरीच ठेवा, खातील ते द्या. बाहेर बाकावर ती फाइल मांडीवर घेऊन बसली होती. तिला त्यानं सांगितलं, गोळ्या बदलल्यात, महिन्यानं बोलावलंय. शिरूर आलं, सुपा आलं, नगर आलं. तेवढं एक खोटं पोटाशी धरून तो गाडी चालवत राहिला.

त्यानं इंडिकेटर बंद केला आणि छगनच्या गॅरेजपुढं गाडी उभी केली.

छगन मिस्त्री बोनेटवर थाप मारतच आला. जुनी आठशे, पण त्याच्या हाताखाली अजून धावत होती. वहिनी होत्या म्हणून आली बिचारी, तो म्हणाला, सहादेवभाऊला चावी तेवढी फिरवता येती. मनकर्णा हसली. हसण्यातून खोकला निघाला, खोकल्यात डोळे भरले. सहादेवनं तिला मागं रेलायला लावलं, पायावर शाल टाकली. तिनं डोळे मिटले.

छगननं बोनेट उघडून टेकू लावला. तेल काजळासारखं झालं होतं. हवेच्या फिल्टरमध्ये दोन वर्षांची पुण्याच्या रस्त्याची धूळ बसली होती. हे तर बदलायचंच, तो म्हणाला. मग पुढचं झाकण काढून त्यानं टायमिंगचा पट्टा दाखवला. कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. हा तुटला की गाडी जाग्यावर उभी. बाजारहाट, दळण एवढंच असलं तर काढील अजून वर्षभर. पण लांबचं धावणं असलं तर आजच टाकायला हवा. पट्टा किलोमीटर ओळखतो, माणूस ओळखत नाही.

"पुण्याच्या खेपा किती हायेत अजून?"

उघड्या बोनेटच्या आड सहादेवला ना काच दिसत होती, ना काचेमागचं कुणी. सकाळपासून पहिल्यांदाच तिची नजर त्याच्यावर नव्हती.

"न्हाईत आता," तो म्हणाला.

छगनचा चेहरा फुलला. हातातलं फडकं खांद्यावर टाकून त्यानं समोरच्या टपरीकडं तीन चहाची खूण केली. "म्हंजी आराम पडला म्हना की."

सहादेवनं नुसती मान हलवली. आडवी.

छगनचा वर गेलेला हात हळूच खाली आला. त्यानं टेकू काढला आणि झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घालावं तसं बोनेट खाली आणलं.

पलीकडं मनकर्णा उभी होती. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात तिचं झाकण. ती कधी उतरली ते दोघांनाही कळलं नव्हतं.

सहादेव पुढं झाला, पण ती त्याच्याकडं बघेना. तिनं छगनला विचारलं, पट्टा टाकला तर ही राजूरचा घाट चढंल का. राजूरच्या वरच्या अंगाला तिचं माहेर. दुखणं लागल्यापासून ती तिकडं गेली नव्हती.

चढंल, छगन म्हणाला. त्याचं लक्ष जमिनीवरच्या तेलाच्या डागाकडं होतं.

"राजूरला कशाला?" सहादेव म्हणाला. "मी हाय की हितं."

"माजी आई हाय अजून." तिनं बाटलीला झाकण लावलं. "ती न्हाऊ घालील. डोक्यावरनं हात फिरवील. तुमच्यानं न्हाई व्हायचं. दोन वर्सं बघतीय मी. मला सुई टोचली की तुमी भिंतीकडं तोंड करून उभं ऱ्हाता."

"शिकंन मी," सहादेव म्हणाला.

ती पहिल्यांदा त्याच्याकडं वळली. त्याच्या सदऱ्याची कॉलर एका बाजूनं दुमडली होती, ती तिनं सरळ केली. बोटं तिथंच राहिली थोडा वेळ. सकाळी दवाखान्यातनं निघतानाच तुमचं तोंड बघितलं हुतं, ती हळू आवाजात म्हणाली. तुमी सांगाल म्हणून वाट बघत हुते.

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. टपरीवरून चहा आला. तीन ग्लास बोनेटवर ठेवले गेले. कुणी हात लावला नाही.

"टाका पट्टा," ती छगनला म्हणाली.

छगननं पाना उचलला, पुन्हा ठेवला. काहीतरी विचारायचं म्हणून त्यानं विचारलं, घाटात भार किती असंल, कितीजण जाणार.

"जाताना दोघं," मनकर्णा म्हणाली. "येताना हे एकलेच. तवा घाटात गाडी बंद पडंल असं काय बी ठिवू नका, भाऊजी. हे एकदा थांबले की तितंच बसून ऱ्हातील."