सीलबंद बाटली

“तुम्हीच पोरीचं पदक खाल्लंत, साहेब!” मालिशवाला म्हणाला. मान आखडलेले क्रीडासंघटनेचे अध्यक्ष टेबलावर पालथे पडले होते. “आधी मान सोडव रे बाबा,” ते कण्हले. आंतरराष्ट्रीय स्पर्धेला निघालेल्या देशाच्या चमूत मालिशवाल्याची जागा त्यांनी स्वतःच्या मेहुण्याला दिली होती. आठ वर्षं त्या धावपटू पोरीच्या पोटऱ्या चोळणाऱ्या मालिशवाल्यानं तेलाची नवी बाटली मेहुण्याकडे सोपवली. अंतिम शर्यतीआधी पोटऱ्या आखडल्या, पोरगी हाका मारत राहिली, मेहुणा बाजारात बॅगा निवडत बसला. ती लंगडत शेवटची आली. “पोरीत दमच नव्हता,” अध्यक्षांनी पत्रकारांना सांगितलं. बाटली सीलबंद परत आली. आज मालिशवाल्यानं तेच सील फोडलं, तेल चोळलं आणि अंगठा मानेच्या शिरेवर रोवला. “मेलो! सोड!” अध्यक्ष कळवळले. “मेहुण्याला बोलावू? पोरगी बाहेरच बसलीय. तिला ऐकू जाईल असं सांगा, दम कुणात नव्हता?”