चौथा दाणा

पेठ गावाजवळच्या घराच्या कुंपणावर आपोआप चढलेल्या रानवालाकडून कुसाबाईला हवं होतं ते एवढंच: फुकटचं कालवण. पेरणी नाही, राखण नाही. फक्त त्यातला विषारी कडूपणा जाईपर्यंत सात वेळा पाणी बदलून उकळायचा.

घरात माणसं तीन: ती, मुलगा शेखर, सून वेदिका. प्रत्येक शेंगेत दाणेही तीनच. परसातल्या पेरलेल्या वालाचं असं काही नव्हतं.

दिवाळीनंतर शेंगांत चार दाणे निघायला लागले.

"मेल्याला मोजता येईना व्हय आता?" कुसाबाई म्हणाली.

वेदिका खाली बघून हसली. "आई, मला दिवस गेलेत. अजून यांनापण सांगितलं नाय."

माघातल्या एका सकाळी पहिल्या शेंगेत तीनच दाणे निघाले. दुसरीतही तीन. कुसाबाईनं घाईघाईनं अंबडच्या कारखान्यात कामाला गेलेल्या शेखरला फोन लावला.

"कंपनीत हाय आई, काय झालं?" शेखर म्हणाला.

"काय नाय रे." तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात वेदिका पोटावर हात ठेवून उंबऱ्यात आली. "आई, बाळ रात्रीपासून हललं नाय."

कुसाबाई पाटीतली शेंगन् शेंग सोलत राहिली. चार दाण्यांची एकही निघाली नाही. हिवाळाभर तिघांनी पोटभर खाल्लं होतं. त्या फुकटच्या कालवणाची किंमत मात्र एकही घास न घेतलेल्या चौथ्यानं मोजली.