सहलीचं ठिकाण

सहलीला कुठं जायचं ते यंदा पोरांनीच ठरवावं, असं केकाण सरांनी जाहीर केलं आणि चौथीचा अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "साखर कारखाना!" सरांनी किल्ला सुचवला, उंच पाळण्यांचं आमिष दाखवलं. एक हात वर होईल तर शपथ.

कारखान्यात मात्र यंत्रांकडं कुणी ढुंकूनही बघेना. पोरं फाटकाशीच उभी राहून उसाची एकेक बैलगाडी न्याहाळत होती.

"अरे, काय शोधताय?" सर वैतागले.

"आपली कावेरी, सर. इथंच आलीय ना ऊसतोडीला."

दिवाळीपासून वर्गात रिकाम्या राहिलेल्या तिच्या जागेची सरांना सवय होऊन गेली होती.

तेवढ्यात ती दिसली, कडेवर तान्ह्या भावाला घेऊन. पोरांनी तिला गराडा घातला. मग पोरांतली मंगल केकाण सरांकडं वळली. "सहलीसारखंच मत घ्या ना, सर. हिला परत न्यायचं का?"

सर काही बोलायच्या आत सगळे हात वर झाले. बाळाला सावरत कावेरीनंही हळूच एक हात वर केला.

उसाच्या गाडीवरून कावेरीच्या आईनं हाक मारली, तसा तेवढाच एक हात खाली आला.