त्रेचाळीस मिलिमीटर

लॅपटॉपवर एकेक चौकोन लाल होत गेला तसे प्रभाकरराव खुर्चीतून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत येऊन बसले आणि लगेच पुन्हा उठले. हिंगणीच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेल्या माणसाला लाल शाईची सवय होती, पण ती दुसऱ्यांच्या वहीत.

"काय म्हणून राह्यला तो प्रोग्राम?" त्यांनी विचारलं.

"शहाण्णवचा जुलै अडकलाय, सर," सपना म्हणाली. नागपूरहून आलेली ही मुलगी बोर नदीच्या खोऱ्यातल्या पावसावर पीएच.डी. करत होती. प्रभाकररावांनी अंगणातल्या पर्जन्यमापकात रोज सकाळी साडेआठला मोजून वह्यांत लिहिलेला छत्तीस वर्षांचा पाऊस तिनं तीन दिवस बसून लॅपटॉपमध्ये भरला होता. आता प्रोग्राम ते आकडे तपासत होता. "हे बघा. सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस. मधेच साडेतीन. पाऊस काही असा पाढे म्हणत पडत नाही. प्रोग्रामला वाटतंय, कुणीतरी घरात बसून लिहिलेत."

"मंग?"

"एक महिना जरी बनावट निघाला तरी आमचे गाईड सगळ्याच वह्या बाजूला ठेवतील." हे सांगताना तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

प्रभाकररावांनी पुन्हा खिडकी गाठली. छत्तीस वर्षांत एक दिवसाचा खाडा नाही, असं सांगत त्यांनी या वह्या आल्यागेल्या प्रत्येकाला दाखवल्या होत्या. पाहुणे तर त्या दिसल्या की चहा लवकर संपवत. फक्त शहाण्णवच्या जुलैत डोळ्याचा पडदा सरकला म्हणून ते वर्ध्याच्या दवाखान्यात दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून पडले होते. तेव्हा मोजायचं काम बायकोकडे होतं. ते आठवलं आणि त्यांचा आवाज चढला.

"सुलोचना, इकडं ये पाहू."

सुलोचनाबाई लसूण सोलता सोलता वाटीसकट बाहेर आल्या.

"मी दवाखान्यात होतो तेव्हा तू पाऊस मोजला, का नुसते आकडे लिहिले?"

"बसून लिवाले टाइम कुठं होता मले?" त्या म्हणाल्या. "तुमचं थे पाणी मोजाचं काचेचं माप माह्या हातून फुटलं होतं. दुसऱ्याच दिवशी. मंग म्या वाटीनं मोजलं."

"वाटीनं?"

"काच हाय, फुटन, म्हणून पैल्याच दिवशी वाटी मापून ठेवलती. भरली वाटी म्हणजे सात. अर्धी म्हणजे साडेतीन." त्यांनी लसूण पदरात ओतला आणि वाटी लॅपटॉपशेजारी ठेवली. "हेच वाटी. अन् तुमी आता वापरता थे माप बी दुसरं हाय. तुमी घरी यायच्या आत आणून ठेवलं. सांगतलं असतं तं दवाखान्यातूनच आरडाओरड केली असती."

सपना वाटी घेऊन अंगणात धावली. वाटी काठोकाठ भरून तिनं मापात ओतली. पाणी हललं, स्थिरावलं आणि सातच्या रेघेवर थांबलं.

"काकू, ही खरी मोजणी आहे," ती आत येत म्हणाली. वाटीची हकीकत तिनं टिपेत लिहिली आणि एकेक लाल चौकोन मोकळा करत निघाली. प्रभाकररावांना हसूही येत होतं आणि रागही, त्यामुळे ते उगीचच चष्मा पुसत राहिले. शेवटचा लाल चौकोन गेला.

"आणि या चौकोनावर तर प्रोग्रामला शंकाच नव्हती," सपनानं पडद्यावर बोट ठेवलं. "तेवीस जुलै, त्रेचाळीस मिलिमीटर."

"थोच खोटा हाय," सुलोचनाबाई म्हणाल्या.

दोघंही त्यांच्याकडे पाहू लागली.

"मी रोज सकाळी मोजून दवाखान्यात येत होती अन् संध्याकाळी घरी जात होती. आदल्या संध्याकाळी, बावीसले, पुलावरून पाणी होतं. गाडी वाटेत सेलूलेच थांबली. रातभर स्टँडवर बसली, अन् सकाळी तशीच ओल्या लुगड्यानं तुमच्यापाशी परत आली. तुमाले काई दिसत नोतं. माहा पाय वाजला तसं तुमी विचारलं, पाऊस किती? म्या म्हटलं, त्रेचाळीस." त्यांनी पदरातला लसूण सावरला. "घरी येऊन पाह्यलं तं यंत्रातली बाटली भरून वाहून गेलती. किती पडला, थे आता कोणालेच मालूम नाई."

सपनानं माउसवरचा हात काढून घेतला. छत्तीस वर्षांतला कदाचित सगळ्यात मोठा पाऊस त्या एका चौकोनात होता, आणि तिथं त्रेचाळीस लिहिलेलं होतं.

प्रभाकरराव खुर्चीत बसले. या वेळी ते उठले नाहीत.

"खोड तो आकडा, बेटा."

"सर, मग खाडा पडेल. तुमच्या छत्तीस वर्षांत—"

"पडू दे. रिकामा ठेव."

तिनं बटण दाबलं. भरलेल्या रांगांच्या मधोमध एक चौकोन पांढरा झाला. प्रभाकरराव त्याच्याकडे पाहत राहिले. मग मान न वळवताच त्यांनी विचारलं, "त्या राती तू काई खाल्लं होतं का?"

सुलोचनाबाई लसूण पुन्हा वाटीत टाकत होत्या.

"आठवत नाई," त्या म्हणाल्या. "थे काई लिवून ठेवलं नाई."