दाखल्यावरचं वय

"किती वर्षांची गं तू?" मॅडमनी विचारलं.

"आठ," योगिनी म्हणाली. शाळेत पाढे म्हणावेत तशी, हात मागं बांधून, खणखणीत.

शेजारी तिची माय, मंजुळाबाई उभी होती. आठ म्हणायला पोरीला तिनंच शिकवलं होतं. आणि ही पोरगी एकदा शिकलेलं काही विसरत नसे.

बाल न्याय मंडळाची खोली कोर्टासारखी नव्हती. एक टेबल, पाच खुर्च्या, भिंतीवर ससा आणि कासव. टेबलापलीकडं न्यायाधीश मॅडम. अलीकडं कोपऱ्यात कडुबा, डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. चिकलठाण्याच्या पुढं ज्या रानात तो ज्वारी काढायचा, तिथंच आता प्लॉटिंगवर राखणदार होता. दुष्काळाचं हे तिसरं वर्ष. हिरवं म्हणून जे काही उरलं होतं, ते तिथल्या गळक्या नळाखाली. आश्रमशाळेतून सुट्टीत घरी आलेल्या योगिनीनं मेंढरं तिकडं वळवली. कडुबानं काठी उगारली, ती कोकराच्या पाठीत बसली. योगिनीनं गोफण फिरवली. चालायच्या आधी पोरीला गोफण आली, असं तिचा बाप कौतुकानं सांगत फिरायचा. आता सांगत नाही.

डोळा गेला होता. डॉक्टरांनी तसं लिहूनच दिलं होतं.

"मंजुळाबाई, नीट ऐका," मॅडम म्हणाल्या. "सात वर्षं पूर्ण नसतील, तर हिनं केलं त्याला कायदा गुन्हाच म्हणत नाही. आत्ता घरी न्या. सात पूर्ण असतील, तर मात्र चौकशी चालणार, तारखा पडणार. आणि शाळेच्या दाखल्यावर तर आठ आहेत."

दाखल्यावर जन्मतारीख एक जून होती. त्यात नवल नाही. अख्ख्या आश्रमशाळेचा वाढदिवस एक जूनलाच असायचा, गुरुजींना दुसरी तारीख सुचतच नसे. साल मात्र मंजुळाबाईनं दिलेलं. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी मेंढरं घेऊन परमुलखात जायची वेळ आली, तेव्हा पोरगी चार वर्षांची होती. वाटेनं तिला काय खाऊ घालणार? शाळेत दोन वेळचं जेवण होतं, पण सहा पूर्ण लागत. तिनं सहा सांगितले. गुरुजींनी एकदा पोरीकडं पाहिलं, एकदा मायकडं पाहिलं, आणि लिहून टाकलं. लिहिताना मान वर न करता म्हणाले, "हे बाहेर गेलं तर हिचं नाव कमी करावं लागेल मला."

खरं बोलावं तर पोरीची शाळा जाते, गप्प राहावं तर पोरगी गुन्हेगार ठरते. इकडं आड, तिकडं विहीर, आणि औंदा दोन्ही कोरड्या.

मंजुळाबाईनं पदर सावरला. "मॅडम, शाळंत म्या खोटं सांगितलं व्हतं. पोरगी सहाची हाय."

मग कोपऱ्यातून कडुबा सावकाश म्हणाला, "सहाची असू दे का आठची, बाई. माझा डोळा तेवढाच गेला."

त्यात राग नव्हता. मंजुळाबाईला त्याच्याकडं बघवेना. "व्हय दादा," ती म्हणाली. "तुमचं नुकसान आमाला जलमभर फिटायचं नाय."

मॅडमनी दाखला पुढं सरकवला. "कागद असताना नुसत्या तोंडी बोलण्यावर मी कसं मानू? आणि मानलं, तर शाळेला कळवावं लागेल."

"कळवा. शाळा गेली तर जाऊ द्या." मंजुळाबाई थांबली नाही. "पर तुमी तिचं दात बघा. आमी मेंढराचं वय दातावर वळखतो, मॅडम. हिचा दुधाचा एक बी दात पडला नाय अजून. आठ वर्साच्या लेकराचं तोंड असं असतंय का? योगे, आ कर. दाव मॅडमला."

योगिनीनं आ केला नाही. शाळेला कळवणार, एवढंच तिच्या ध्यानात आलं होतं. मॅडम खुर्चीवरून उठल्या, तिच्यापाशी येऊन खाली वाकल्या. "घाबरू नको, बाळ. दाखव बरं."

पोरगी दोन पावलं मागं सरली.

"माय खोटं सांगती, मॅडम. मी आठचीच हाय. दगड मीच मारला. शाळंला नका कळवू."

आणि कुणाला दात दिसू नयेत म्हणून तिनं दोन्ही हातांनी तोंड गच्च झाकून घेतलं.