तिसरा चौकोन

फळ्यावर मी दोन चौकोन काढले. एकात 'बियाणं', दुसऱ्यात 'सभासद'. मधल्या रेघेवर लिहिलं, 'नेलेलं पाकीटच परत यायला हवं.' वाचनालयाच्या सॉफ्टवेअरचा आराखडाच मी गावच्या बियाणे बँकेला बसवत होते.

बँक चालवणाऱ्या हौसाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "अगं पोरी, तेच पाकीट परत आलं, तर बाईनं पेरलंच नाही म्हणायचं की!"

दोन आठवड्यांचं काम एका हसण्यात मोडीत निघालं. मलाही हसू फुटलं. रेघ पुसून मी मध्ये तिसरा चौकोन काढला, 'पीक'. एक माप न्यायचं, पिकलं की दोन मापं परत.

"आता बरोबर?"

"बघू की." त्यांनी माझ्या ओंजळीत मापभर वालाच्या बिया ओतल्या. "तुझ्या ह्या नव्या आराखड्यातली पहिली सभासद तूच. दोन मापं घेऊन आलीस, की सांगते."